गाण्याला बांधलेला प्रवास

आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला दोघातिघांनी विचारलं की तुम्ही प्रवासवर्णन सांगणार की संगीतावर बोलणार. खरं म्हणजे मला आठवणीवर बोलायचंय. आपण परदेशात जाऊन येतो. किल्ल्यांची, संग्रहालयांची, नद्यांची नावं सहा महिन्यांत विसरतो. फोटो कुठेतरी पेनड्राइव्हवर पडून राहतात. आणि मग एक दिवस रिक्षात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये एखादं गाणं लागतं, आणि ती बस, तो कॉफीचा वास, शेजारच्या सीटवर झोपलेलं माणूस, सगळं एकदम समोर उभं राहतं. गंमत म्हणजे ते गाणं आपण निवडलेलं नसतं. कधी कधी तर ते आपल्याला आवडतही नसतं. मग तेच का बांधलं जातं? आणि ही गाठ टिकते किती? या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सहसा कोणी बोलत नाही, म्हणून मी तिथे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

सुरुवात स्वित्झर्लंडपासून करू, कारण आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आलेत. मॉन्त्रो गावापासून डोंगरातून एक छोटी रेल्वे त्स्वायझिमेनला जाते. वाटेत मोंबोवों नावाचं गाव लागतं आणि पुढे झानेन. ही नावं तुम्हाला ओळखीची वाटली नाहीत तरी ती गावं तुम्ही पाहिलेली आहेत. १९९५ साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा स्वित्झर्लंडमधला बराच भाग याच पट्ट्यात चित्रित झाला. झानेनचा लहानसा पूल, मोंबोवोंचं चर्च. आपल्याकडचे लोक त्या पुलावर उभे राहून फोटो काढतात आणि जतीन-ललित यांची गाणी गुणगुणतात. म्हणजे गाणं आधी पोचलेलं असतं, माणूस नंतर जातो. ‘संगम’, ‘लव्ह इन टोकियो’, ‘अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस’ अशा चित्रपटांनी आपल्या आईवडिलांच्या पिढीला पासपोर्ट नसताना परदेश दाखवला होता. तो निराळा विषय आहे. पण हे मोंबोवों लक्षात ठेवा.

कारण मोंबोवों ज्या भागात येतं त्याला ग्रुयेर म्हणतात. चीजसाठी प्रसिद्ध. आणि याच भागात एक फार जुनं गाणं आहे, ‘रां दे वाश’. शब्दशः अर्थ, गाईंची रांग. जर्मन बोलणारे स्विस त्याला ‘कूरायहेन’ म्हणतात. गुराखी डोंगरावरच्या कुरणात गाईंना गोळा करण्यासाठी जी हाळी देतात, तिचंच हे गाणं झालेलं. वेवे शहरात साधारण वीस वर्षांतून एकदा द्राक्षमळेवाल्यांचा मोठा उत्सव होतो, शेवटचा २०१९ साली झाला. त्यात हे गाणं सुरू झालं की मैदानातली माणसं डोळे पुसताना दिसतात. आता तुम्ही म्हणाल, काहीतरी विरहाचं असेल. मुळीच नाही! गाईंना बोलावणं, वाटेत पाणी आडवं आल्यामुळे झालेली अडचण, मग पाद्रीबुवांकडे धाव, आणि प्रार्थना करायची तर चीज आणून द्या असं पाद्रीबुवांचं म्हणणं. मायभूमी, आई, ताटातूट यांतलं काहीही त्यात नाही. आपल्याकडच्या एखाद्या भलरीसारखं कामाचं गाणं.

सतराव्या-अठराव्या शतकात स्वित्झर्लंड गरीब होता. तिथले तरुण भाडोत्री सैनिक म्हणून फ्रान्सच्या आणि इतर राजांच्या फौजांमध्ये जात. हा त्यांचा परदेशप्रवास, आणि तो हौसेचा नव्हता. १६८८ साली बाझल विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने एक प्रबंध लिहिला. घरापासून लांब असलेल्या माणसांना होणाऱ्या एका आजारासाठी त्याने नवा शब्द घडवला. ग्रीकमध्ये घरी परतणं म्हणजे ‘नोस्टोस’ आणि वेदना म्हणजे ‘आल्गोस’, त्यावरून ‘नॉस्टॅल्जिया’. आज आपण हा शब्द जुन्या बजाज स्कूटरच्या फोटोखाली लिहितो, पण जन्मला तेव्हा तो रोगाचं नाव होता. होफरने एका विद्यार्थ्याची हकिगत दिली आहे. मुलगा बर्नचा, शिकायला बाझलला आलेला. आज हे अंतर रेल्वेने तासाभराचं आहे. तो इतका खंगला की आशा सोडली होती, आणि घरी न्यायला निघाले तसा वाटेतच सुधारायला लागला. पुढे १७१० साली बाझलच्याच झ्विंगर नावाच्या प्राध्यापकाने हा प्रबंध पुन्हा छापताना त्यात गुराख्यांच्या या गाण्याची भर घातली. परमुलखातल्या स्विस सैनिकांना ही चाल ऐकू आली की हा आजार उसळतो, असं त्याचं म्हणणं.

आणि मग रूसो येतो. होय, तोच ‘सामाजिक करार’वाला रूसो. तो स्वतः जिनिव्हाचा, आणि पोटापाण्यासाठी संगीताच्या नोटेशनच्या नकला करून देणारा. १७६८ च्या त्याच्या संगीतकोशात त्याने या गाण्यावर लिहिलं आहे. स्विस पलटणींत ही चाल वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकून सैनिक रडत, पळून जात किंवा झुरून मरत, अशी हकिगत तो देतो. बंदीची ही गोष्ट रूसोमुळे जगभर झाली. फर्मान वगैरे दाखवा म्हटलं तर ते सोपं नाही, त्यामुळे मी ती रूसोचं म्हणणं म्हणूनच सांगते आहे. मला त्याचं पुढचं निरीक्षण महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो की हा परिणाम करेल असं या चालीत तुम्ही काही शोधायला गेलात तर सापडणार नाही. परक्या माणसावर ती कसलाच परिणाम करत नाही. इथे संगीत हे संगीत म्हणून काम करत नाही, ते आठवणीची खूण म्हणून काम करतं. अडीचशे वर्षांपूर्वी, मेंदूचं छायाचित्र वगैरे काढायची सोय नसताना, माणसाने नेमकं बोट ठेवलं. आणि जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. चाल तीच आहे, पण आताशा स्विस लोकांवर तिचा पूर्वीसारखा परिणाम होत नाही. त्याचं कारण तो असं देतो की लोकांना जुन्या साध्या राहणीची गोडीच उरली नाही, मग ती गेल्याची खंत कुठून असणार? कारण बाजूला ठेवा. खूण झिजू शकते, हे त्याला दिसलं होतं.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, दहा मिनिटांत उरकते.

१९७३ साली एंडेल टल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी एक तत्त्व मांडलं. एखादी गोष्ट मनात नोंदली जाताना तिच्याबरोबर जे काही नोंदलं गेलं, तेच पुढे तिला वर काढायला उपयोगी पडतं. विहिरीत पडलेली बादली काढायला आपण गळ टाकतो ना, तसं. कुठलाही गळ चालत नाही, तो त्या कडीत अडकायला हवा. दोन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ओबानजवळ गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना ३६ शब्दांच्या याद्या दिल्या, काही पाण्याखाली, काही किनाऱ्यावर. पाण्याखाली शिकलेलं पाण्याखालीच जास्त आठवलं. हा प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. पण २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून माझा भर त्या पाणबुड्यांवर नाही. गाण्यावरच थेट काम झालेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पीटर जनाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणच्या आणि कुमारवयातल्या लोकप्रिय गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवले. सरासरी ३० टक्के तुकड्यांनी आयुष्यातली एखादी आठवण जागी केली. २०१६ मध्ये एमी बेल्फी आणि सहकाऱ्यांनी गाण्यांची तुलना प्रसिद्ध व्यक्तींच्या चेहऱ्यांशी केली. गाण्यांनी आणलेल्या आठवणींत बारीक तपशील जास्त होते.

इथे एक नीट बघा. तिसातल्या त्या गाण्यांची उलट बाजू म्हणजे सत्तर टक्के गाण्यांनी काहीच आणलं नाही! ओळखीची, आवडीचीसुद्धा त्यात असणार. कारण १९७५ सालीच वॉटकिन्स दांपत्याने दाखवलं होतं की एका खुणेला जितक्या जास्त गोष्टी बांधाल, तितकी ती कुठलीही एक गोष्ट वर काढायला कमी उपयोगाची होते. एकाच खुंटीवर घरातल्या सगळ्यांचे कपडे टांगले की आपला सदरा सापडत नाही, तसलाच प्रकार. गणपतीतली आरती तुम्हाला एखाद्या विशिष्ट वर्षाचा गणपती आठवून देते का? नाही देत. ती सगळेच गणपती आणते, एकावर एक.

परदेशप्रवास गाठ मारायला इतका सोयीचा का, ते यातून कळतं. प्रवासाला दोन्ही टोकं स्पष्ट असतात. विमानात बसलो ते घरी उतरलो. त्या बारा-पंधरा दिवसांत बसच्या ड्रायव्हरकडे एकच सीडी असते, हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत तीच धून रोज सकाळी असते. तेच गाणं तीस-चाळीस वेळा कानावर पडतं आणि परत आल्यावर पूर्ण बंद होतं. त्या खुंटीवर दुसरं काही टांगलंच जात नाही. आमच्या मराठी सहलींत मात्र बस सुरू झाली की अंताक्षरी सुरू होते, त्यामुळे युरोपभर फिरून आलेल्या माणसाच्या कानात परत तीच आपली गाणी असतात. मजा येते, माझी तक्रार नाही. पण ती गाणी आधीच भरलेली असतात.

अपवाद आहे, आणि तो सुंदर आहे. राज कपूरचा ‘आवारा’ १९५४ साली सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला आणि तिथे अफाट चालला. ताश्कंदला, मॉस्कोला गेलेल्या आपल्या लोकांच्या लिखाणात हा प्रसंग हमखास असतो. भारतातून आलोय कळल्यावर कोणीतरी टॅक्सीवाला किंवा आजीबाई त्याचं शीर्षकगीत म्हणायला लागते. आता हे गाणं आपण हजार वेळा ऐकलेलं. तरी त्यानंतर ते त्या टॅक्सीचंच होऊन जातं. का? उच्चार निराळा, आवाज निराळा, जागा निराळी. ते जणू दुसरंच गाणं असतं.

आता मी तुम्हाला आमच्या सोसायटीतल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, नाव मात्र नको म्हणाल्या. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला गेल्या होत्या. आपल्याकडच्या हजारो आयांचा परदेशप्रवास असाच असतो. एक नायगरा, एक न्यूयॉर्क, बाकी सगळं स्वयंपाकघर आणि बाळाची अंघोळ. बाहेर बर्फ. मुलगी-जावई कामावर. त्या घरात सॅमसंगचं वॉशिंग मशीन होतं. धुणं संपलं की ते एक धून वाजवतं. ती शूबर्टच्या १८१७ सालच्या ‘दी फोरेल’ या गाण्याची आहे, म्हणजे ट्राउट माशाचं गाणं, पण काकूंना ते माहीत असायचं कारण नव्हतं. बाळाची दुपटी, झबली, लाळेरी, दिवसातून दोनदा मशीन लागायचं. धून वाजली की बाळ मान वळवायचं. काकू त्याला मांडीवर घेऊन त्या चालीवर काहीतरी बडबडायच्या.

परत आल्या. महिन्याभराने समोरच्या ब्लॉकमधून ती धून आली. काकू मला म्हणाल्या, “अगं, हातात पोळीचा गोळा होता, तो तसाच राहिला. मांडीवर वजन जाणवलं मला.” वजन! चेहरा नव्हे, फोटो नव्हे. चेहरा त्या रोज व्हिडिओ कॉलवर बघत होत्या, आणि तो रोज बदलत होता. पण चार महिन्यांच्या बाळाचं ते वजन फक्त त्या धुनेपाशी शिल्लक होतं. मग काकूंनी काय केलं असेल? त्यांचं जुनं मशीन तसंही कुरकुरत होतं. त्यांनी हट्टाने तेच मशीन घेतलं, आणि धून चालू ठेवली.

पहिले काही दिवस त्या मशीनजवळ खुर्ची टाकून बसायच्या. तीन-चार महिन्यांनी मी सहज विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आता वाजलं की कपडे वाळत घालायचे एवढंच आठवतं.” त्यांनी हे हसत सांगितलं, पण मला वाईट वाटलं आणि त्यांनाही वाटत होतं हे दिसत होतं. रोजचं धुणं, रोजचा ऊन-पावसाचा हिशेब, पाणी गेलं, वीज गेली, सगळं त्या एका खुंटीवर येऊन बसलं. नातू तेव्हा दीड वर्षाचा झाला होता. पुढची भेट कधी, तिकिटांवर आणि रजेवर अवलंबून.

जी गोष्ट काकूंची झाली, तीच मोठ्या प्रमाणावर एका कवीच्या बाबतीत झाली आहे. रवींद्रनाथ ठाकूर सतरा वर्षांचे असताना २० सप्टेंबर १८७८ ला मुंबईहून विलायतेला निघाले. बोटीचं नाव ‘पूना’, पुणेकरांनी नोंद घ्यावी. निघण्यापूर्वी ते मुंबईत प्रार्थना समाजाच्या डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते. इंग्रजी रीतिरिवाज शिकावेत म्हणून. शिकवणारी आत्मारामांची कन्या, अन्नपूर्णा. विलायतेला जाऊन आलेली. रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिलं आणि ते नाव गुंफून भैरवीत गाणं केलं. ऐंशीच्या घरात असताना लिहिलेल्या बालपणाच्या आठवणींत ते गाणं आणि त्यावर तिने दिलेली दाद त्यांना आठवते. मधे बासष्ट वर्षं गेली होती.

पण मला विलायतेतल्या गाण्यांबद्दल सांगायचंय. घरी त्यांनी टॉमस मूरच्या आयरिश गीतांचं सचित्र पुस्तक पाहिलेलं होतं. त्यातल्या वीणेसारख्या वाद्याच्या चित्रावरून त्यांनी मनातल्या मनात चाली रचल्या होत्या. आपल्या झानेनच्या पुलासारखंच, गाणं आधी पोचलेलं. प्रत्यक्ष तिथे त्या चाली ऐकल्या, काही शिकले, आणि थोडा विरसच झाला. मनातलं आयर्लंड त्यांत नव्हतं. परत येऊन घरच्यांना म्हणून दाखवल्या, तर घरचे म्हणाले, रविच्या गळ्याला हे काय झालं? बोलण्याचासुद्धा सूर बदललाय. हे सगळं त्यांनी ‘जीवनस्मृती’त मिश्कीलपणे सांगितलं आहे.

दुसरा एखादा असता तर त्याने या चाली प्रवासाची आठवण म्हणून जपून ठेवल्या असत्या. रवींद्रनाथांनी त्या वापरल्या. १८८१ च्या ‘वाल्मीकी प्रतिभा’ या संगीतिकेत दरोडेखोरांच्या दारूच्या गाण्यांना दोन इंग्रजी चाली आणि वनदेवींच्या शोकाला एक आयरिश. ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश गीताच्या चालीवर त्यांनी जुन्या दिवसांवरचं गीत बांधलं. आज शाळासोबत्यांच्या मेळाव्यात बंगाली माणसं ते गातात, आणि अनेकांच्या लेखी ती चाल बंगालीच आहे. म्हणजे रवींद्रनाथांच्या १८७८ च्या प्रवासाची खूण म्हणून ती चाल संपली. तिच्यावर लाखो लोकांच्या शाळा, लाखो मित्र टांगले गेले. हे नुकसान झालं का? बंगाली माणूस नाही म्हणेल, आणि मीही नाहीच म्हणेन. पण काकूंच्या धुनेचं तसं झालं नाही, तिथे नुसती झीज झाली. नव्या गोष्टी बांधल्या जाणं सारखंच. काय बांधलं जातं, त्याने फरक पडतो.

वेळ होत आला. दोन चिठ्ठ्या घेते.

पहिली चिठ्ठी. “मुलाकडे जर्मनीला चाललो आहोत. कुठली गाणी बरोबर न्यावीत?” गाणी न्या की, फोनमध्ये हजार असतातच. हीच आजची अडचण आहे. फोन आपलं घर बरोबर घेऊन येतो आणि तिथलं काही कानावर पडूच देत नाही. दिवसातला एखादा तास कान मोकळे ठेवा. ट्रॅममध्ये, बेकरीत, मुलाच्या घरात जे वाजतं ते वाजू द्या. निवडायला जाऊ नका, ते आपोआप होतं. आणि परत आल्यावर ते गाणं सापडलं तर फोनची रिंगटोन तेवढी करू नका!

दुसरी चिठ्ठी जरा अवघड आहे, नाव नाही. “यजमानांबरोबर शेवटचा प्रवास इटलीचा झाला. त्यानंतर ते गेले. तिथे ऐकलेलं एक गाणं मला आता ऐकवत नाही. काय करू?”

ताई, हे गाणं काकूंच्या वाटेने सैल करता येतं. दुसऱ्या माणसांबरोबर, दुसऱ्या कामात, पुष्कळदा ऐकलं की ते दुखेनासं होईल. पण मग ते इटलीही तितकंसं आणणार नाही, आणि ते परत घट्ट करता येत नाही. म्हणून घाई करू नका. कोणी म्हणालं, ऐकून टाका, बरं वाटेल, तरी नका ऐकू. गाणं कुठे जात नाही. ज्या दिवशी तुम्हाला यजमान हवेसे वाटतील, रडण्यासकट, त्या दिवशी एकट्याने एकदाच लावा. रोज लावू नका. आणि लेकीला ते ऐकवायचं असेल तर तिला आधी सांगा, तिथे कुठल्या खुर्चीत बसले होते ते, काय मागवलं होतं ते.